वाचकांचे प्रश्न: जुन्या आर्केड मशीनची कड, रंग आणि पिवळं पडलेलं प्लास्टिक

या वेळी नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनवर एकदम इतकी पत्रं आली की सगळा कॉलम त्यांनाच देतोय. आतला बोर्ड, पॉवर सप्लाय, पिक्चर ट्यूब यावर सांगणारे पुष्कळ जण भेटतात, पण बाहेरची कड, रंग आणि प्लास्टिक यावर नीट कोणी बोलत नाही, आणि मग लोक उत्साहाच्या भरात सगळं खरवडून नवंकोरं करून टाकतात, ज्याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढची उत्तरं का तशी आहेत ते कळेल. कडेची प्लास्टिकची पट्टी ही झिजणारी वस्तू आहे, ती बिनधास्त बदला. पण कारखान्यात मारलेला रंग आणि छापलेलं चित्र एकदा गेलं की गेलं, तिथे हात घालायच्या आधी थांबा.

प्रश्न: गॅरेजमध्ये १९८० सालचं मिडवे कंपनीचं पॅक-मॅन आणलंय. कडेची पट्टी इतकी कडक झालीय की हात लावला की तुकडा पडतो, आणि खालच्या टोकाला बोटभर फट आहे. नवीन पट्टी कुठल्या मापाची घ्यायची, कशी बसवायची आणि ती चिकटवायची का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: या पट्टीला टी-मोल्डिंग म्हणतात. दिसणारा भाग सपाट किंवा किंचित फुगीर, आणि पाठीमागे मधोमध एक काटेरी कणा, तो कॅबिनेटच्या लाकडी बोर्डाच्या कडेत कापलेल्या खाचेत ठोकून बसवलेला असतो. प्लास्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात ते चाळीस वर्षांत हळूहळू निघून जातं, त्यामुळे पट्टी आखडते, लांबीला कमी होते आणि टोकाला फट पडते. ती परत मऊ होत नाही, तेल लावा नाहीतर गरम पाण्यात बुडवा, काही उपयोग नाही.

माप घेताना जुन्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, लाकडाच्या कडेची जाडी मोजा. अमेरिकन मशीनमध्ये पाऊण इंच म्हणजे साधारण १९ मिमी खूप ठिकाणी सापडतं, पण ५/८ इंच म्हणजे १६ मिमीची पण असतात, तेव्हा अंदाजाने ऑर्डर करू नका. खाचेची रुंदी पण बघा, बऱ्याचदा ती २.४ मिमीच्या आसपास असते पण काही कॅबिनेटमध्ये १.६ मिमीच असते आणि मग जाड कण्याची पट्टी ठोकून बसवायला गेलं की बोर्ड कडेने उकलतो. लांबीसाठी एक सुतळी घेऊन दोन्ही बाजूंच्या कडेवरून पूर्ण फिरवा आणि ती मोजा. उभ्या मशीनला साधारण २० फूट लागते, वर दोन-तीन फूट जास्तीची घ्या. रंगासाठी जुन्या पट्टीचा असा तुकडा शोधा ज्याला उजेड लागलेला नाही, खालच्या टोकाचा किंवा पट्टीवर काही बसवलेलं असेल तर त्याच्याखालचा, कारण समोरचा रंग उडालेला असतो.

काढताना खालच्या टोकापासून सुरू करा आणि सावकाश ओढा, झटका दिलात तर कणा आत राहतो आणि पार्टिकल बोर्डाचा भुगा बाहेर येतो. आत राहिलेले तुकडे पातळ पात्याने किंवा वाकवलेल्या तारेने काढायचे. खाच सैल झाली असेल तर तिच्या भिंतींना लाकडाचा पांढरा ग्लू सोडून वरून क्लॅम्प लावून एक रात्र ठेवा, पण खाचेत आधी मेणकागदाची घडी सरकवा नाहीतर खाचच बंद होईल. पूर्णच फाटली असेल तर इपॉक्सीने भरून राउटरला (लाकूड कोरायच्या मशीनला) खाच कापायचं पातं लावून नव्याने कापावी लागते. तेवढ्यासाठी चांगला सुतार गाठलेला बरा.

नवीन पट्टी गुंडाळी होऊन येते, ती लगेच ठोकायला घेऊ नका, उन्हात किंवा हीटरजवळ लांब पसरून ठेवा म्हणजे वळ जातो. बसवायला रबरी हातोडाच, लोखंडी हातोड्याचे वण जात नाहीत. आणि ओढून ताणून बसवायची नाही, ताणलेली पट्टी काही महिन्यांत मागे सरकते आणि तुमची तीच बोटभर फट परत दिसते. कोपऱ्यांना मात्र डोकं चालवावं लागतं: बाहेरच्या गोलाईवर कणा आतल्या बाजूला येतो आणि त्याला जागा पुरत नाही, म्हणून तिथे कण्यात त्रिकोणी खाचा कापायच्या. आतल्या वळणावर उलट कणा ताणला जातो, तिथे नुसत्या सरळ चिरा पुरतात. वळवताना हेअर ड्रायरने गरम करा आणि गार होईपर्यंत हाताने दाबून ठेवा. टोक थोडं लांब ठेवून दुसऱ्या दिवशी कापा.

चिकटवायची का, तर नाही. एखाद्या ठिकाणी खाच सैल असेल तिथे हॉट ग्लूचा ठिपका चालेल, पण पूर्ण लांबीला चिकटवलेली पट्टी पुढच्या माणसाला लाकडासकट काढावी लागते. आणि हो, कॅबिनेटला रंगाचं काही काम करणार असाल तर ते आधी, पट्टी सगळ्यात शेवटी, आणि रंग खाचेत जाऊ देऊ नका.

प्रश्न: स्वस्तात एक काळं कॅबिनेट मिळालं, आत कुठला तरी नंतरचा गेम आहे. बाजूवरून हात फिरवला की रंगाखाली उंचवटे लागतात. खाली जुनं चित्र असेल का? खरवडू का? (टोरांटो)

उत्तर: असण्याची शक्यता चांगली आहे, आणि असं पत्र आलं की मला फार आनंद होतो. १९८० च्या दशकाच्या मध्याला उत्तर अमेरिकेत जुना गेम कमावेनासा झाला की मशीन चालवणारे लोक त्याच पेटीत नवीन सर्किट बोर्ड, वर गेमच्या नावाचा नवीन फलक आणि नवीन कंट्रोल पॅनेल टाकायचे आणि बाजूचं जुनं चित्र दिसू नये म्हणून सरसकट काळा रंग फासायचे. पुष्कळ कॅबिनेटवर मूळ चित्र स्टेन्सिल लावून किंवा स्क्रीन प्रिंटने एकेक रंग चढवून केलेलं असतं, पॅक-मॅनचं चित्र पण स्टेन्सिलचंच, त्यामुळे प्रत्येक रंगाला कड असते आणि तीच तुमच्या हाताला लागतेय.

आधी खोलीत अंधार करा आणि टॉर्च कॅबिनेटच्या बाजूला अगदी टेकवून तिरका मारा. सावल्यांमुळे चित्राची रेघ न रेघ दिसते. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठला गेम होता ते बहुतेक त्यातच कळेल, नाही कळलं तर मागच्या बाजूची नंबर प्लेट बघा.

मग खाली मागच्या कोपऱ्यात, जिथे काही बिघडलं तरी दिसणार नाही, तिथे पांढऱ्या कपड्यावर रबिंग अल्कोहोल घेऊन तळहाताएवढ्या जागेत चोळून बघा. वरचा काळा रंग पाण्यातला, म्हणजे भिंतींना देतात तसला असेल तर तो मऊ पडून कपड्यावर यायला लागतो आणि खालचा कारखान्यातला रंग बहुतेक वेळा टिकून राहतो. तसं झालं तर तुमचं नशीब चांगलं, आता फक्त धीर हवा: एक छोटा चौकोन ओला करा, मऊ पडू द्या, प्लास्टिकच्या पट्टीने सारा, पुसा, पुढचा चौकोन. कपड्यावर काळ्याशिवाय दुसरा रंग दिसला की त्या क्षणी थांबा.

काळा रंग ऑइल पेंट असेल तर अल्कोहोलने हलणार नाही, आणि जे रसायन त्याला काढेल ते खालच्या चित्रालाही काढेल. अशा वेळी घाई न करता काळा रंग तसाच ठेवलेला परवडतो, चित्र निदान खाली सुरक्षित तरी आहे. मशीनवर सँडर मात्र अजिबात नको, एका मिनिटात चित्राच्या आरपार जातो, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं त्यामुळे कोरडी धूळ उडवणं हे तुमच्यासाठी आणि घरातल्या मुलांसाठी पण वाईट. घासायचंच झालं तर ओला पॉलिश पेपर आणि चांगला मास्क.

चित्र उघडल्यावर ते थोडं उडालेलं, ओरखडे पडलेलं निघेल. ओरखड्यांवर बारीक ब्रशने टचअप करा, पण त्याच्यावर नवीन छापील विनाइल स्टिकर चिकटवू नका हो. ज्या कॅबिनेटवर मूळ काहीच उरलेलं नाही तिथे स्टिकर लावा, नवीन स्टेन्सिल आणून रंगवा, माझी काही हरकत नाही.

प्रश्न: मला मिळालेलं डाँकी काँग लाल रंगाचं आहे. सगळीकडे फोटोत निळं दिसतं. निळा रंग मारून ओरिजिनल करून घ्यावं म्हणतो, कोणता शेड घेऊ? (शिकागो)

उत्तर: कृपया काहीही मारू नका! निन्टेन्डोने अमेरिकेत रेडार स्कोप नावाच्या गेमची सुमारे ३,००० मशीन मागवली होती, त्यातली साधारण १,००० खपली आणि उरलेली २,००० गोदामात पडून राहिली. त्याच मशीनमध्ये बदल करून १९८१ साली डाँकी काँग बाहेर आला, आणि ती सुरुवातीची कॅबिनेट लाल होती, निळी नंतरची. म्हणजे तुमच्याकडचं लाल हेच मूळ असण्याची चांगली शक्यता आहे आणि त्यावर निळा रंग मारलात तर त्याचं सगळं महत्त्व तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकाल.

लाल रंग नंतर कोणी मारलाय का हे तपासायला कंट्रोल पॅनेल उघडून त्याच्या ओठाखालची कड बघा, फलकाच्या पट्ट्या काढून त्याखाली बघा, आणि कडेच्या पट्टीच्या खाली बघा. तिन्ही ठिकाणी लालच असेल, निळ्याचा मागमूस नसेल, तर ते तसंच ठेवा. मऊ कपडा, कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड, यापलीकडे काही नको.

प्रश्न: इथे सेगाचं ॲस्ट्रो सिटी घेतलंय, मॉनिटरभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालंय. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की परत पांढरं होतं म्हणतात, खरं का? (निशी-कसाई, तोक्यो)

उत्तर: खरं आहे, पण कायमचं नाही. ॲस्ट्रो सिटी १९९३ चं, त्या काळातली ही पांढरी प्लास्टिकं बहुतेक एबीएस जातीची असतात. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते पिवळं पडतं, आणि आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये जी ब्रोमीनवाली द्रव्यं घालायचे त्यांचाही यात हात असतो असं मानतात. म्हणूनच एकाच मशीनवर शेजारशेजारचे दोन भाग वेगळ्या रंगाचे झालेले दिसतात. पेरॉक्साइड आणि अतिनील किरण मिळून तो पिवळेपणा घालवतात. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी २००८ च्या सुमाराला ही युक्ती पसरवली, रेट्रोब्राइट या नावाने.

सलूनमध्ये केसांना लावायचं ४० व्हॉल्यूमचं क्रीम मिळतं, ते म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. क्रीम लावून प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून उन्हात ठेवतात, पण मोठ्या सपाट भागाला मला ही पद्धत आवडत नाही, कारण जिथे क्रीम सुकतं किंवा कागदाला सुरकुती पडते तिथे ढगासारखे पांढरे डाग येतात आणि ते पिवळ्यापेक्षा वाईट दिसतात. भाग मावेल असा टब मिळत असेल तर सौम्य, म्हणजे ५-६ टक्क्यांच्या पातळ द्रवात पूर्ण बुडवून ठेवा, वरचेवर उलटवा, तासातासाने बघा. किंवा आधी काहीच न लावता नुसतं स्वच्छ धुऊन कडक उन्हात ठेवून बघा, पुष्कळदा त्यानेही चांगला फरक पडतो, फक्त वेळ लागतो आणि भाग वाकणार नाही एवढं तापमान सांभाळावं लागतं.

आधी स्क्रू, धातूचे तुकडे, स्टिकर सगळं काढा, स्टिकरची शाई उडते. हातमोजे आणि चष्मा लागतोच, १२ टक्केवालं अंगावर पडलं तर कातडी पांढरी पडून आग होते, आणि वापरलेलं द्रव घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटू शकते. काही वर्षांत पिवळेपणा परत येणार हे धरून चाला. मशीन खिडकीपासून लांब ठेवलंत तर उशिरा येईल.

रंग मारायचा विचार असेल तर मी नको म्हणेन, निदान प्लास्टिक अखंड असेपर्यंत तरी. गाड्यांचा टू-के पेंट, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा, छान बसतो पण त्यातल्या आयसोसायनेट या विषारी द्रव्यासाठी साधा मास्क पुरत नाही, ते काम स्प्रे बूथ असलेल्या पेंटरकडेच द्यायचं.

प्रश्न: स्क्रीनसमोरच्या काचेवर मागून छापलेलं डिझाइन पापुद्रे होऊन सुटतंय, आणि वरचा फलक धुरकट झालाय. ग्लास क्लीनर मारू का? (सॅन होजे)

उत्तर: छापलेल्या बाजूला कधीच नाही, पाणीसुद्धा नको. सुटलेल्या रंगावर चिकटपट्टी लावाल तर ती रंग घेऊनच निघेल. काच आडवी ठेवा, छापलेली बाजू वर, मऊ ब्रशने धूळ झटका आणि सगळ्यात आधी चांगल्या उजेडात मोठा फोटो किंवा स्कॅन करून ठेवा. गेलेले ठिपके मागच्या बाजूने ॲक्रिलिक रंगाने भरता येतात. पिनबॉलवाले लोक अशा काचांवर मागून जाड पारदर्शक स्प्रे मारून पापुद्रे धरून ठेवतात, पण ते परत काढता येत नाही, त्यामुळे रंग खरंच गळून पडत असेल तरच.

वरचा फलक ॲक्रिलिकचा असेल तर अमोनियावाला क्लीनर आणि अल्कोहोल दोन्ही वर्ज्य, त्याने ॲक्रिलिकला केसासारख्या भेगा जातात. साबणाचं पाणी, मायक्रोफायबर, आणि ओरखड्यांना प्लास्टिकचं पॉलिश, तेही न छापलेल्या बाजूलाच. आत जुनी ट्यूबलाइट असेल तर एलईडी टाका, उष्णता आणि अतिनील दोन्ही कमी होतात. या कामासाठी मॉनिटर बाहेर काढावा लागत असेल तर स्वतः करू नका, मशीन बंद असलं तरी रंगीत पिक्चर ट्यूबमध्ये २० हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, जुना टीव्ही मेकॅनिक बोलवा.

प्रश्न: वडिलांच्या पार्लरमधलं "मुस्तफा"चं मशीन आमच्याकडे आहे. २०२१ च्या पुरात खालचा फूटभर भाग पाण्यात होता, प्लाय फुगलंय, सनमायका सुटलाय, कडेची पट्टी गेलीय. पेंटरने हाताने लिहिलेलं पार्लरचं नाव वर अजून आहे. हे सगळं काढून अमेरिकन मशीनसारखं करून घेऊ का? (चिपळूण)

उत्तर: नका करू, मनापासून सांगतो. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स हा गेम आपल्याकडे त्यातल्या एका पात्राच्या नावाने मुस्तफा म्हणूनच घरोघरी माहीत आहे, आणि इथल्या सुताराने प्लाय आणि सनमायका वापरून बनवलेली पेटी, त्यावर इथल्या पेंटरचं अक्षर, ही आपली वस्तू आहे. अमेरिकेतल्या मशीनसाठी न्यू हॅम्पशरमधल्या फनस्पॉट या आर्केडमध्ये अख्खं म्युझियम आहे, आणि त्या मशीनचं स्टेन्सिलपासून पट्टीपर्यंत सगळं बाजारात विकत मिळतं. तुमच्या पेटीचं तसं काहीच मिळणार नाही, म्हणून जे उरलंय तेच जपायचं.

आधी वीज जोडू नका. पॉवर सप्लायमध्ये पुराचा चिखल बसलेला असू शकतो, तो उघडून साफ करून तपासून घ्या. मग पेटी आडवी करायच्या आधी मॉनिटर आणि बोर्ड जाणकाराकडून काढून घ्या. फुगलेलं प्लाय परत बसत नाही, ते फुगलंय तिथून दोन-तीन इंच वर सरळ रेघ मारून कापून टाका आणि खाली त्याच जाडीचं मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून, आतून पट्टी देऊन जोडा. सांध्यात इपॉक्सी, वरून गाड्यांना लावतात ती लांबी (पुट्टी), घासून सपाट करा. वाळवीचं औषध आतून मारायला विसरू नका.

वरचा सनमायका सुटला असला तरी फेकू नका. हेअर ड्रायरने सावकाश गरम करत पूर्ण सोडवा, मागचा जुना गोंद साफ करा, सनमायकाची पाठ आणि प्लाय दोन्हींना रबर बेस्ड ॲडहेसिव्ह लावा, हाताला चिकटेनासं झालं की दाबा, एकदा टेकल्यावर सरकवता येत नाही त्यामुळे दोन माणसं लागतात. खालच्या नवीन भागाला हुबेहूब तोच सनमायका मिळेल ही आशा धरू नका, जवळचा साधा रंग घ्या. कडेला पूर्वी बहुतेक खिळ्यांनी मारलेली प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची बीडिंग असेल, ती फर्निचरच्या हार्डवेअरवाल्याकडे अजून मिळते. तीच लावा, टी-मोल्डिंगसाठी खाच कापू नका.

पेंटरच्या अक्षराला रंगाने गिरवू नका. कोरड्या मऊ कपड्याने पुसा, आणि पारदर्शक कोट द्यायचाच असेल तर एका अक्षराच्या शेपटीवर आधी बघा, थिनरवाल्या लॅकरने ऑइल पेंट सुरकुततो. आणि कुठलंही रंगकाम पावसाळ्यात काढू नका. कोकणातल्या जुलैच्या हवेत लॅकर दुधासारखं पांढरट होतं आणि ऑइल पेंट आठ-आठ दिवस चिकट राहतो. दिवाळीनंतर हात घाला.

प्रश्न: नाणं टाकायच्या दाराचा काळा खरखरीत रंग गंजाने सुटलाय. (पुणे)

उत्तर: हे एक दार मात्र खुशाल पूर्ण साफ करून रंगवा. कुलूप, नाण्याची यंत्रणा, लाल प्लास्टिकची बटणं काढा, प्रत्येक स्क्रूची जागा फोटोत ठेवा. रंग काढून पत्रा पूर्ण उघडा करा, गंज घासा, थिनरने पुसा, मेटल प्रायमर, मग काळ्या टेक्स्चर स्प्रेचे दोन-तीन पातळ हात, बिजागरीवर नको नाहीतर दार अडकेल. दारावर "एक नाणं एक खेळ" छापाचं जुनं स्टिकर असेल तर हेअर ड्रायरने गरम करून आधी सोडवून घ्या, बटर पेपरवर ठेवा आणि रंग पूर्ण सुकल्यावर पहिल्या जागीच लावा.